झोपेतल्या आठीचा अर्थ लावण्याआधी टॉर्च बंद करा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा : मिस्टरांचं वय ५९, साखर कारखान्यातून दीड वर्षापूर्वी निवृत्त झाले. सासूबाई श्रावणात गेल्या. तेराव्यापर्यंत आणि त्यानंतरही मिस्टरांनी डोळ्यांतून पाण्याचं टिपूसही काढलं नाही. पण गेले दोन महिने झोपेत त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, ओठ थरथरतात, पहाटे कण्हल्यासारखा आवाज येतो आणि एकदा तर चक्क हसले. तुम्ही मोबाइलचा टॉर्च लावून व्हिडिओ काढलाय. दाबून ठेवलेलं दुःख झोपेत चेहऱ्यावर येतंय का, आणि हा व्हिडिओ त्यांना दाखवू का, असं तुम्ही विचारताय.

मी सांगलीत न्यूरॉलॉजी करतो आणि गेली चौदा वर्षं दोन खाटांची स्लीप लॅब चालवतो. म्हणजे झोपलेली माणसं बघणं हा माझा निम्मा धंदाच. तरीही नुसत्या चेहऱ्यावरून मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येणार नाही, आणि कुणी छातीठोकपणे देत असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करा. तुमच्या लिहिण्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. हा काही आजार आहे का, हा एक. दुसरा तुम्ही सरळ विचारलेला नाही, पण ओळीओळीत आहे : हा माणूस आईसाठी रडला का नाही? पहिल्याचं उत्तर तपासून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर रात्री दोन वाजता त्यांच्या तोंडाकडे बघून मिळेल असं मला वाटत नाही. का, ते सांगतो.

आमच्याकडे पेशंट रात्री साडेनऊच्या सुमारास येतो. टेक्निशियन त्याच्या डोक्यावर, डोळ्यांच्या कडेला आणि हनुवटीवर लीड चिकटवतो, म्हणजे मेंदूची आणि स्नायूंची हालचाल टिपून स्क्रीनवर रेघांनी दाखवणाऱ्या तारा. (भरघोस दाढीवाला कुणी आला की आमच्या पोराचा चेहरा पडतो. दाढीवर लीड टिकत नाही आणि दाढी काढा म्हणायची सोय नाही.) मग तो पलीकडच्या खोलीत जाऊन माइकवरून सांगतो, "काका, डोळे डावीकडे न्या. उजवीकडे. आता दात घट्ट आवळा. सोडा." दात आवळले की स्क्रीनवर हनुवटीची रेघ एकदम काळी, जाड पट्टी होते. सोडले की पुन्हा बारीक. ही रेघ नीट पकडते आहे ना, एवढंच त्यातून बघायचं असतं. काकांना मात्र वाटतं, परीक्षा सुरू झाली. ते जीव खाऊन दात आवळतात.

झोप लागली की ती रेघ हळूहळू बारीक होत जाते. साधारण दीड तासाने ती सुतासारखी सपाट होते आणि त्याच वेळी डोळ्यांच्या रेघा मात्र उड्या मारायला लागतात. बुबुळं मिटल्या पापण्यांखाली झरझर फिरत असतात. हीच रेम झोप. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी तिची नोंद केली. रात्रीचा पाचवा ते चौथा हिस्सा माणूस या झोपेत असतो आणि तिचे लांब तुकडे पहाटेकडे येतात. या झोपेतून माणसाला उठवलं तर बहुतेक वेळा तो काहीतरी स्वप्न सांगतो. मेंदूचा भावनांचा भाग तेव्हा चांगलाच जागा असतो, आणि आवर घालणारा पुढचा भाग बऱ्यापैकी शांत.

एवढी धामधूम चाललेली असताना शरीर खाटेवरून उठून पळत का नाही? कारण मेंदूच्या देठातून खाली हुकूम जातो आणि हातापायांचे स्नायू ढिले पडतात. श्वासाचा पडदा आणि डोळे फिरवणारे स्नायू तेवढे सुटतात. चेहऱ्याच्या स्नायूंनाही हा हुकूम लागू आहे, पण तिथे तो जरा गळका आहे. मधूनच हनुवटीच्या सपाट रेघेवर बारीक काटे उठतात, ओठाचा कोपरा उडतो, भुवई आकसते, गाल हलतो, आणि बहुतेक वेळा डोळ्यांच्या उड्यांचा झुपका आला की त्याच्या आगेमागेच हे होतं. रेम झोप जिथून चालवली जाते तो मेंदूच्या देठाचा भाग आणि चेहऱ्याची सातवी नस जिथून निघते ती जागा, दोन्ही एकाच मजल्यावर आहेत. सातव्या नसेची तार तर बाहेर पडण्याआधी डोळा वळवणाऱ्या केंद्राला वळसा घालून जाते. शेजार आहे म्हणून कारणही तेच, असं म्हणायची घाई मी करणार नाही. पण निरोगी माणसाच्या चेहऱ्यावर रात्रीतून अनेकदा असं काहीतरी उमटतं आणि जातं. आपण बघत नाही म्हणून आपल्याला माहीत नसतं, इतकंच.

आता भावनेचा प्रश्न. वॉर्डात एक गोष्ट मी ज्युनिअर डॉक्टरांना मुद्दाम दाखवतो. अर्धांगवायूच्या एखाद्या पेशंटला "दात दाखवा" म्हटलं की एक बाजू हलतच नाही. तेवढ्यात नातू येऊन काही बोलतो आणि आजोबा हसतात, ते दोन्ही बाजूंनी! मुद्दाम हसायची वाट वेगळी आणि खरं हसू येण्याची वाट वेगळी. दोन्ही शेवटी त्याच सातव्या नसेवर येतात. झोपेत या दोन्ही वाटांवरून काही न येताही नुसत्या देठाच्या पातळीवर स्नायू हलू शकतो. म्हणजे शेवटच्या स्टॉपवर उतरलेला प्रवासी कुठून बसला होता, हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

बाळांचं उदाहरण आपल्या सगळ्या घरांत आहे. तान्हं बाळ झोपेत हसलं की आजी म्हणते, सटवाई हसवतेय, आणि ओठ काढलं की सटवाई रडवतेय. आजीचं निरीक्षण अगदी बरोबर. नवजात बाळाची जवळजवळ अर्धी झोप याच प्रकारची असते आणि हसू, रडू, आठ्या सगळं त्यात येऊन जातं. आईकडे बघून ओळखीचं हसू मात्र सहा ते आठ आठवड्यांनी यायला लागतं. म्हणजे हसण्याचा साचा आधी तयार असतो, हसण्याचं कारण नंतर येतं. मोठेपणीही तो साचा रात्री कधी कधी रिकामाच फिरतो.

मग झोपेतल्या चेहऱ्याचा भावनेशी काहीच संबंध नाही? तसंही नाही. पॅरिसमध्ये इझाबेल आर्नुल्फ यांच्या चमूने या विषयावर बरंच काम केलंय. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, ज्या पेशंटचा चेहरा दिवसा कोरा पडलेला असतो, त्यांच्यातल्या काहींच्या हालचाली, आवाज आणि चेहऱ्यावरचे भाव रेम झोपेत मोकळे झालेले दिसतात. माझ्या एका पेशंटच्या पत्नी म्हणाल्या होत्या, "डॉक्टर, दिवसभर हे देवळातल्या दगडासारखे बसतात, आणि पहाटे हसतात. मी उठून बघत बसते." त्या बाईंना ते हसू पुन्हा बघायला मिळतंय यावर मी काहीच बोललो नाही, औषधाची वेळ तेवढी बदलून दिली.

लॅबमध्ये हसताना उठवलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं की बैलगाडा शर्यतीत त्यांची जोडी पुढे गेली होती. मेळ बसला. पण दुसऱ्या एका बाई, भुवया इतक्या आवळलेल्या की आम्हाला वाटलं काहीतरी भयंकर बघतायत. उठवून विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही हो, लाडू वळत होते. पाक बिघडला होता." तेव्हा कधी जुळतं, कधी नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला कुठलं जुळलंय ते कळायला मार्ग नसतो. उठवून लगेच विचारलं तरच काही हाती लागतं.

मी स्वतः यात फसलोय. लॅब सुरू केली त्या वर्षी एका पेशंटचा व्हिडिओ बघून मी नातेवाइकांना मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं की यांच्या मनावर ताण आहे, चेहरा बघा ना. पत्नी तिथेच रडायला लागल्या. नंतर रेघा नीट तपासल्या तेव्हा दिसलं की प्रत्येक आठीच्या आधी श्वास अडला होता आणि ऑक्सिजन खाली आला होता. घोरताना घसा बंद होत होता आणि माणूस श्वासासाठी झगडत होता. आठी त्या झगड्याची होती. झोपेत घसा उघडा ठेवणारं हवेचं मशीन लावल्यावर आठ्याही गेल्या. त्या बाईंची मी नंतर माफी मागितली. तेव्हापासून आवाज बंद करून व्हिडिओ बघत नाही आणि रेघा बघितल्याशिवाय चेहऱ्यावर बोलत नाही.

आता तुमच्या व्हिडिओकडे येतो. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर मोबाइलचा टॉर्च मारला की उजेड पापणीतून आत जातो. झोप हलकी असेल तर माणूस न उठता भुवया आकसतो आणि डोळे घट्ट मिटतो. त्या कॅमेऱ्यातली निम्मी आठी तुमच्या टॉर्चचीच असू शकते. रागावू नका, आमच्याकडे व्हिडिओ घेऊन येणाऱ्यांत बरेच जण हेच करतात. खोलीत एखादा मंद झिरोचा बल्ब लावून ठेवा. मोबाइल पायथ्याशी, नुसता चेहरा नाही तर छाती आणि हातही दिसतील असा ठेवा. आवाज चालू असू द्या, आणि किती वाजले ते सुरुवातीलाच हळू बोलून नोंदवा. दोन-तीन मिनिटं पुरेत.

कण्हण्याबद्दल वेगळं सांगतो, कारण बायका-मुलांना सगळ्यात जास्त घाबरवतं ते हेच. काही लोक झोपेत खोल श्वास घेतात आणि सोडताना लांबलचक "हंऽऽऽ" असा आवाज काढतात, अगदी कुणीतरी दुःखात असल्यासारखा. बऱ्याच वेळा हा रेम झोपेतला श्वासाचा एक प्रकार असतो आणि माणसाला सकाळी त्याचा पत्ताही नसतो. श्वास सोडताना आवाज येतो की घेताना, एवढं कान देऊन ऐका. घेताना घोरण्यासारखा, मधे शांतता आणि मग एकदम धाप लागल्यासारखा येत असेल तर ती गोष्ट निराळी. तिथे आधी श्वासाचीच तपासणी.

जबड्याचाही घोळ होतो. दात खाणं हे चेहऱ्याच्या भावांमध्ये धरू नका. चावण्याचे स्नायू पाचव्या नसेवर चालतात आणि दात खाणं बहुतेक हलक्या झोपेत होतं, झोप किंचित उघडते त्या क्षणांना धरून. आपल्याकडे दात खाल्ले की पोटात जंत, अशी ठाम समजूत आहे आणि मुलांना जंताची गोळी देऊन टाकतात. दात खाण्यावर त्या गोळीचा उपयोग होतो, असं मला तरी कधी दिसलेलं नाही. ताणाचं नातं दिवसा जबडा आवळण्याशी जास्त आहे, रात्रीच्या दात खाण्याशी लोक समजतात तितकं नाही.

ज्या गोष्टीवरून मी तुम्हाला खरंच डॉक्टरकडे जायला सांगेन ती चेहऱ्यापेक्षा हातापायांची आहे. मिस्टर झोपेत हात उगारतात का? लाथ मारतात, ओरडतात, शिव्या देतात, खाटेवरून खाली पडलेत का? स्नायू ढिले ठेवणारा तो हुकूमच बिघडला की माणूस स्वप्न अंगाने करायला लागतो. हा आजार १९८६ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात शेंक आणि माहोवाल्ड यांनी पहिल्यांदा मांडला. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत जास्त सापडतो. त्याचं महत्त्व असं की पुढे काही वर्षांनी पार्किन्सन किंवा त्याच्या घराण्यातला दुसरा आजार सुरू होण्याची शक्यता असते. २०१९ मध्ये २४ केंद्रांतल्या १२८० रुग्णांच्या पाहणीत वर्षाला साधारण ६ टक्के लोकांमध्ये असं झालेलं दिसलं. आकडा वाचून घाबरू नका, तो आजार ठरलेल्यांचा आकडा आहे. ओठ थरथरणाऱ्या प्रत्येक निवृत्त माणसाचा नाही. तुमच्या वर्णनात हातपाय कुठेच नाहीत, हे मला चांगलं चिन्ह वाटतं. तरी चार गोष्टी बघा. हिंगाच्या फोडणीचा वास त्यांना पूर्वीसारखा येतो का? बद्धकोष्ठ नव्याने सुरू झालाय का? सही बारीक होत चाललीय का? चालताना एक हात हलायचा थांबलाय का? यातलं काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, आणि तोवर खाटेच्या कडेचं टोकदार टेबल हलवून ठेवा.

चेहऱ्याची एकच बाजू पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने उडत असेल, लाळ गळत असेल किंवा नंतर गोंधळल्यासारखे होत असतील, तर फिट्‌सचा विचार करून ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, करावा लागेल. दोन्ही बाजू आलटून पालटून, कधी ओठ कधी भुवई, अशी नुसती खोडी चालू असेल तर ती बहुतेक निरुपद्रवी.

आणि गोळ्या. मन उदास म्हणून किंवा झोप लागावी म्हणून गेल्या काही महिन्यांत फॅमिली डॉक्टरांनी काही सुरू केलंय का? उदासीनतेच्या काही गोळ्यांनी रेम झोपेतला ढिलेपणा कमी होतो आणि झोपेतल्या हालचाली वाढतात, दात खाणंही वाढू शकतं. सुरू झाल्याची तारीख आणि तुम्ही हे पहिल्यांदा पाहिलं ती तारीख शेजारी ठेवून बघा. गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. रोज घेणाऱ्याने दारू एकदम सोडली तरी रेम झोप उसळून येते. हे मी सगळ्यांनाच विचारतो, तुमच्या घरावर शंका नाही. कारखान्यात वर्षानुवर्षं पाळ्या केलेल्या माणसाची झोप निवृत्तीनंतर वर्षभर बिनसलेली मी पुष्कळदा बघितली आहे. गळीत हंगाम सुरू झाला की घरी बसलेल्या माणसाला रात्रपाळीच्या वेळेला आपोआप जाग येते.

राहिला न रडण्याचा प्रश्न. इथे मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, पण रोज माणसं बघतो त्यावरून बोलतो. न रडणारा प्रत्येक जण दुःख दाबतोय असं नसतं. काही जण आई अंथरुणाला खिळलेली असतानाच हळूहळू रडून झालेले असतात. काही जण रानात जाऊन बांधावर बसून येतात. त्यांच्या दुःखाचा अंदाज घ्यायचा असेल तर दिवसा बघा. जेवण कमी झालंय का, वजन उतरलंय का? पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही असं होतंय का? ज्या गोष्टीत रमायचे, पेपर, भजन, पारावरच्या गप्पा, ते सुटलंय का? "आता जगून काय करायचंय" असं तोंडून निघतंय का? शेवटचं असेल तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

व्हिडिओ दाखवावा का? दाखवा, पण आधी विचारून. मुलांना, नणंदेला पाठवून नंतर नको. झोपलेला माणूस आपल्या चेहऱ्याचा मालक नसतो, आणि दुसऱ्याने काढलेलं ते रूप बघून पुष्कळ जण ओशाळतात. "बघा, तुम्ही आतून रडताय" असं मात्र म्हणू नका. एकदा असं सांगितलं की तो माणूस तसंच समजायला लागतो किंवा चिडून विषयच बंद करतो. त्यापेक्षा पहाटे ते आपसूक उठतील तेव्हा, चहाच्या आधी, सहज विचारा, "काय स्वप्न पडलं होतं?" पाच मिनिटं उलटली की स्वप्न जातं. आई आल्या होत्या म्हणाले तर त्या काय म्हणाल्या ते विचारा आणि ऐकून घ्या. काही आठवत नाही म्हणाले तर चहा ठेवा.

स्लीप स्टडी लगेच करायला हवी का, याचं उत्तर तुमच्या पुढच्या माहितीवर आहे. जोरात घोरणं आणि श्वास अडणं असेल, किंवा हातपाय चालत असतील, तर हो. नुसते ओठ आणि भुवया असतील तर मी आधी महिनाभर थांबून बघेन. आत्ता एवढंच कळवा : तो व्हिडिओ किती वाजताचा आहे, आणि टॉर्च लावायच्या आधीही कपाळाला आठी होती का?